रिकामं परत आणायचं नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आणि आमचे सगळे उद्योग गेली पंधरा वर्षं न चिडता सांभाळून घेणारे डॉक्टर जीवन खैरनार. व्यासपीठावर अवघडून बसलेली सत्कारमूर्ती, माझी शाळेपासूनची मैत्रीण शकुंतला विधाते, म्हणजे तुम्हा सगळ्यांच्या शकुबाई. ती मधेच उठून पळू नये म्हणून तिच्या शेजारी मुद्दाम बसवलेला तिचा मुलगा संतोष. पहिल्या रांगेत पदर सावरून बसलेल्या लासलगावच्या कुसाबाई. सातपूरहून पहिली पाळी संपवून गणवेशातच आलेली मंडळी. पेठच्या डोंगरातून अंधारातच निघालेले भिका आणि त्यांच्या पाड्यावरचे लोक. आणि जमलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

शकू, तुला तो बाक आठवतो का?

बघा, हसली. आठवतो तिला. आम्ही दोघी इथल्या कॉन्व्हेंटमध्ये आठवीत होतो. शुक्रवारी शेवटचा तास प्रथमोपचाराचा असायचा. सिस्टरनी मला सांगितलं, "शकुंतलाचा पाय मोडला आहे असं समज आणि पट्टी बांध." मी बांधली. मन लावून बांधली. इतकी मन लावून, की शकूच्या पायाबरोबर बाकाचा पायही आत घेतला. तेवढ्यात घंटा झाली, सगळ्या मुली प्रार्थनेला उभ्या राहिल्या, शकूही उभी राहिली, आणि बाक तिच्यामागून चालायला लागला. प्रार्थना सुरू झाली. सिस्टर डोळे मिटून उभ्या. आणि आम्हा दोघींना हसू आवरेना. आवाज दाबला की नाकातून येतो, नाक दाबलं की डोळ्यांतून येतो. शेवटी आम्हाला वर्गाबाहेर उभं केलं. सिस्टर म्हणाल्या, "ज्या मुली आजारपणाला हसतात, त्यांना देव आयुष्यभर आजारी माणसांच्यात ठेवतो."

अध्यक्षमहाराज, आम्हाला तेव्हा तो शाप वाटला होता.

आज आपण शकूला निरोप द्यायला जमलो आहोत. रविवारी ती संतोषकडे बडोद्याला चालली. गंगापूर रोडवरचा तिचा बंगला विकला गेला आहे, आणि त्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये असलेलं आपलं रुग्णसाहित्य केंद्र, ते दिवाळीच्या आत रिकामं करून द्यायचं आहे. पलंग, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, वॉकर, पाण्याच्या गाद्या, सगळं. त्या सामानाचं काय होणार, हे शकूला माहीत नाही. महिनाभर ती त्याच काळजीत आहे. तिनं चार संस्थांना विचारलं. एकीकडे जागा नव्हती, दुसरीकडे माणूस नव्हता, उरलेल्या दोन्हींनी "कळवतो" म्हणून सांगितलं. आपल्याकडे "कळवतो" म्हणजे काय, ते मुलीच्या बापाला विचारावं.

आणि दुसरी गोष्ट. मगाशी ती व्यासपीठावर कशी आली, ते तुम्ही पाहिलंत. माझ्या खांद्यावर हात टाकून. आषाढात तिचं मांडीचं हाड मोडलं. कशाला अडखळून? तर केंद्रातल्याच एका कुबडीला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वॉकर घ्यायला सांगितला, आणि या बाईनं अख्ख्या नाशिक जिल्ह्याला वॉकर दिले, पण स्वतः घ्यायला तयार नाही. "मने, ते गरजूंसाठी आहेत." भिंतीला धरून चालते. भिंत नसेल तिथे मला धरते. आता बडोद्यात मी नाही. तिथल्या भिंती कशा आहेत, ते मला ठाऊक नाही.

हे दोन्ही प्रश्न मी आजच्या भाषणात सोडवणार आहे. घाबरू नका, चहा त्याआधी मिळेल.

केंद्र कसं सुरू झालं, हे इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल. ब्याण्णव साली शकूचे सासरे अंथरुणाला खिळले. डोक्याकडून वर होणारा पलंग हवा होता. साऱ्या नाशकात भाड्यानं मिळेना, म्हणून विकत घेतला. ते गेले, पलंग गॅरेजमध्ये जाऊन बसला. महिन्याभरात शेजारच्यांनी मागितला, मग त्यांच्या व्याह्यांनी, मग व्याह्यांच्या दूधवाल्यानं. शकू म्हणाली, "मने, या पलंगाला आपल्यापेक्षा जास्त ओळखी झाल्यात. याला सोबत आणू या." मग खुर्ची आली, कुबड्या आल्या, आणि मी आले.

शकूनं पहिल्याच दिवशी नियम केला. ज्यानं नेलं त्यानंच आणून द्यायचं. नोकराबरोबर पाठवायचं नाही, रिक्षात घालून धाडायचं नाही. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, "अगं, वस्तू परत आल्याशी कारण. कोण आणतो त्याच्याशी काय करायचंय?" ती म्हणाली, "पुढे काय झालं ते आपल्याला कळायला नको?" बरोबरच होतं तिचं. वस्तू परत येते तेव्हा दोनच गोष्टी झालेल्या असतात. एक तर माणूस बरा झालेला असतो, नाहीतर गेलेला. शकू कधी विचारायची नाही. पुढ्यात चहा ठेवायची. चहा संपेपर्यंत लोक आपणहून सांगायचे.

आता कुसाबाई. कुसाबाई, उभ्या राहता का जरा? नको? बरं, बसा. त्या लाजल्या. मी सांगते.

कुसाबाईंच्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला होता. गोटीरामच्या टेम्पोतून आम्ही त्यांच्या मळ्यात सामान पोचवलं. गोटीराम पहाटे भाजी घेऊन मार्केटला यायचा, आणि परतीचा टेम्पो रिकामा कशाला न्यायचा म्हणून आमचं सामान टाकून घ्यायचा. त्यामुळे आमच्या साऱ्या पलंगांना कोथिंबिरीचा वास. मळ्यातल्या आजोबांनी आमच्या गादीवर पडल्या पडल्या विचारलं होतं, "बाई, ही गादी काय मेथीची हाय का?"

तर दोन महिन्यांनी कुसाबाई सामान परत घेऊन आल्या. लासलगावहून, कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून. पलंग उतरला, गादी उतरली, आणि मग त्यांनी डोक्यावरची एक झाकलेली वस्तू खाली उतरवली. वर स्वच्छ फडकं. शकूनं फडकं काढलं.

आत डिंकाचे लाडू. चांगले मोठे, खारीक-खोबरं घातलेले.

आणि ते कशात होते? सभेत सांगू की नको, असा मला आठवडाभर प्रश्न होता. डॉक्टर, तुम्ही व्यासपीठावर आहात, सांभाळून घ्या. ते आमच्या बेडपॅनमध्ये होते.

हसा, हसा. आम्हाला तेव्हा हसता येत नव्हतं. कुसाबाई समोर उभ्या होत्या आणि पन्नाशीला टेकलेल्या दोन बायका आठवीतल्यासारख्या नाक दाबून उभ्या होत्या.

शकू कशीबशी म्हणाली, "कुसाबाई, अहो, हे भांडं..."

"मंग? रिकामं भांडं कसं द्यायचं, बाई? लक्षुमी रुसती."

"पण हे कशासाठी असतं, ठाऊक आहे ना?"

"आता? न ठावं असायला काय झालं! पर म्हाताऱ्यानं एकडाव बी वापरलं नाय. म्हणला, मी काय मेलोय का? पार बांधापोतर जायचा लेकाच्या खांद्यावर हात टाकून. तसंच कोरं हाय. राखेनं घासलं, वर गरम पान्यानं धुतलं. खावा."

आता काय करायचं? कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला काट्या-चमच्यानं जेवायला शिकवलं होतं, हे शिकवलं नव्हतं. मी शकूकडे पाहिलं. शकूनं एक लाडू उचलला, माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि अर्धा तोंडात घातला. मग उरलेला अर्धा माझ्या पुढ्यात धरला. मी खाल्ला. आणि खरं सांगते, तसा लाडू मी आजवर खाल्लेला नाही.

शकूनं चहा पुढ्यात ठेवायच्या आतच कुसाबाई म्हणाल्या, "म्हातारा वावरात गेलाय. कांदं निंदायला." बांधापर्यंत जाता जाता आजोबा चालायला लागले होते.

ते बेडपॅन शकूनं त्यानंतर कोणालाही दिलं नाही. गॅरेजच्या वरच्या फळीवर, पुसून, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं ठेवलं. तपासणीला आलेले एक मोठे अधिकारी मला म्हणाले, "मॅडम, हे कोणत्या स्पर्धेत मिळालं?"

पण ही गोष्ट पसरली. टेम्पोवाला गोटीराम हे आमचं चालतं वर्तमानपत्र. त्यानं साऱ्या बाजार समितीत सांगितलं की शकुबाईच्या इथं सामान रिकामं परत घेत नाहीत. आम्ही असं कधीच म्हटलं नव्हतं! पण विंचूरहून चाकाची खुर्ची आली ती द्राक्षांच्या पेट्या मांडीवर घेऊन. मखमलाबादच्या फूलवाल्यांनी वॉकर आणला. वॉकरमध्ये भरणार काय? त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत झेंडूच्या माळा गुंडाळल्या. बिचारा वॉकर दसऱ्याच्या बैलासारखा दिसत होता. आम्ही ती फळं, तो भाजीपाला सिव्हिलमध्ये बाहेरगावहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना वाटायचो. हे वाटप कुणी ठरवलं नाही. ते कांद्याबरोबर आलं.

आणि सातपूरचे ललितभाऊ! ललितभाऊ, तोंड लपवू नका. यांच्या आईसाठी पाण्याची गादी नेली होती. आई बऱ्या झाल्या. ललितभाऊ कारखान्यातल्या तिघा मित्रांना घेऊन, हातगाडीवर, पाण्यानं भरलेली गादी जशीच्या तशी घेऊन सातपूरहून गंगापूर रोडला आले. ती गादी हातगाडीवर अशी हलत होती, की वाटेत लोक बाजूला होऊन वाट देत होते. मी विचारलं, "अहो, पाणी का नाही काढलं?" तर म्हणाले, "काकू, मी काढणारच होतो. पण भाजीवाला म्हणाला, रिकामी घेत नाहीत."

त्या दिवशी शकू इतकी हसली की तिला पाण्याच्या गादीवर बसवावं लागलं. मग त्याच पाण्यानं आम्ही तिची बाग शिंपली.

सगळंच हसण्याचं नव्हतं. एकदा एक बाई खुर्ची घेऊन आली. नवरा गेला होता तिचा. खुर्चीत काही नव्हतं, आणि तिला त्याची लाज वाटत होती. "बाई, मला काही आणता आलं नाही," म्हणाली. शकू आत गेली, ताट वाढून आणलं आणि तिला त्याच खुर्चीत बसवून जेवू घातलं. म्हणाली, "बघा, भरली खुर्ची." त्या बाई पुढं आमच्या केंद्रात येऊन गाद्यांच्या खोळी शिवायला लागल्या. बायडाबाई, तुम्हीच त्या. तुमचं नाव घेतलं, रागावू नका.

आणि पेठचा रस्ता. दर दोन महिन्यांनी औषधं, सलाइनच्या बाटल्या, घोंगड्या घेऊन आम्ही तिकडच्या पाड्यांवर जायचो. डॉक्टरसाहेब पुढे, औषधं मध्ये, आम्ही मागे, आणि उलट्या कुणाला होतील ते घाटावर अवलंबून. भिकाचे वडील चालू शकत नव्हते म्हणून एका फेरीत आम्ही खुर्ची नेली. मोठ्या ऐटीत नेली. पोचल्यावर लक्षात आलं की पाड्यावर सपाट जागा म्हणजे फक्त आम्ही उभ्या होतो तेवढीच. खुर्ची सोडली की ती निघाली ओढ्याकडे! भिका तिच्यामागे, शकू भिकामागे. भिका म्हणाला, "बाई, ही गाडी लय उतावळी हे."

आम्ही ओशाळून परत आलो. पुढच्या फेरीला गेलो तर खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बांबू बांधलेले. तिची पालखी झाली होती. भिकाचे वडील तीतून ऊन खायला जायचे, आणि पाड्यावरची बाळंतीण अडली की तीच खुर्ची चार खांद्यांवरून डांबरी रस्त्यापर्यंत यायची. भिका अभिमानानं म्हणाला, "ही गाडी आता आमच्या चालीनं चालते." परत दुरुस्तीला आली तेव्हा खुर्चीत नागलीचे पापड, आणि पापडांवर एक तान्हं मूल. मूल त्यांनी परत नेलं. पापड ठेवले.

समोरून शकूची नात आरोही मला दोन बोटं दाखवते आहे. दोन मिनिटं राहिली असं म्हणते. बाळा, तुझ्या आजीबरोबर मला पन्नास वर्षं पुरली नाहीत, दोन मिनिटांत कसं आवरू?

पण मुद्द्यावर येते. संतोष, आता आईचा हात धर.

शकू, तू मागच्या आठवड्यात भंगारवाल्या कोंडाजींना फोन केलास. म्हणालीस, "कोणीच घेत नाही, तुम्हीच घेऊन जा." आणि फोन ठेवून देव्हाऱ्यासमोर जाऊन बसलीस. तुला वाटलं मला कळलं नाही. अगं, कोंडाजींनी तुझा फोन ठेवला आणि मला केला! "मनीषाबाई, शकुबाईंच्या खुर्च्या मी तोडू? माझ्या बापाला त्यातून घाटावर आंघोळीला नेलंय मी." ते बघ, तिसऱ्या रांगेत बसलेत. भंगार न्यायला नाही आलेत. चाकांना तेल घालायला आलेत.

आणि तू आत आलीस तेव्हा विचारलंस ना, की आज हॉलबाहेर एवढे ट्रॅक्टर कशाला? वॉचमनलाही तोच प्रश्न पडला. त्याला वाटलं मोर्चा आहे. शकू, काल दुपारी तू दवाखान्यात पाय दाखवायला गेलीस, तेव्हा आम्ही तुझं गॅरेज रिकामं केलं. सगळं सामान या पडद्यामागे आहे.

नाही, रडायचं नाही. नाक दाब.

आपलं केंद्र बंद होत नाही. ते फक्त एका गॅरेजमध्ये मावेनासं झालं आहे. ज्यांनी ज्यांनी आपल्याकडून सामान नेलं, त्यातल्या काही घरांनी आपापल्या ओट्यावर, पडवीत, कांद्याच्या चाळीत जागा केली आहे. यापुढे आजारी माणसाला नाशिकला यावं लागणार नाही. आपल्या गावातल्याच घराचं दार वाजवायचं. चहा पिणं बंधनकारक राहील.

या कार्यक्रमासाठी हॉल देणाऱ्यांचे, चहा-वडे पाठवणाऱ्या शेजाऱ्यांचे, औषधांच्या फेऱ्यांसाठी कधी एक पैसा न घेतलेल्या आमच्या डॉक्टरसाहेबांचे आभार मानते. आभार मानलेले गोटीरामला आवडत नाहीत, म्हणून त्याच्याकडे नुसतं बघते. सिस्टर आज नाहीत. त्यांच्या शापाबद्दल त्यांचेही आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाची थट्टा जास्त झाली असेल, बेडपॅनचं नाव मंगल प्रसंगी घेतलं म्हणून कुणाला वावगं वाटलं असेल, तर पदरात घ्या. आठवीपासून आम्हाला वर्गाबाहेरच उभं करतात, सवय आहे.

आता पडदा उघडा, आणि मी सांगते तसं सामान न्या. गर्दी करू नका, वडे सगळ्यांना पुरतील.

डोक्याकडून वर होणारा पहिला पलंग आणि दोन गाद्या लासलगावला, कुसाबाईंच्या ओसरीवर. ट्रॅक्टर दाराशी लावा.

पाण्याच्या गाद्या सातपूरला, ललितभाऊंकडे. रिकाम्या दिल्या आहेत. द्यायच्या आणि घ्यायच्याही रिकाम्याच.

द्राक्षवाली खुर्ची आणि कमोडच्या खुर्च्या विंचूरला. कुबड्या आणि काठ्या मखमलाबादला, फूलवाल्यांकडे. जमिनीवर पडू देऊ नका. का, ते शकूला विचारा.

खोळी, चादरी आणि शिवणाचं मशीन बायडाबाईंना.

बांबूची खुर्ची भिकाला. ती परत आणायची नाही. ती तुमचीच आहे. औषधांचा मोठा खोका डॉक्टरांच्या गाडीत ठेवा, पुढची पेठची फेरी ठरल्याप्रमाणे होईल, उलट्यांसकट.

वरच्या फळीवरचं भांडं कुसाबाईंनी काल नेलं आणि आज पुन्हा भरून आणलं आहे. पहिला लाडू अध्यक्षांना. डॉक्टर, इलाज नाही, घ्यावा लागेल. मग प्रत्येकी एक, आणि भांडं माझ्याकडे राहील.

शेवटी हा एक वॉकर उरला. झेंडूच्या माळा आज सकाळीच गुंडाळल्या आहेत. हा शकुंतला विधाते, मुक्काम बडोदा, यांना. शकू, ही भेट नाही. भेट दिली तर तू लगेच कुणा गरजूला देऊन टाकशील. हा वापरायला दिला आहे. नियम तुझाच आहे, मी भांडले होते त्यावर, आज मान्य करते: ज्यानं नेलं त्यानंच आणून द्यायचं. संतोषबरोबर पाठवायचा नाही, गाडीत घालून धाडायचा नाही. स्वतः, पायांनी चालत आणायचा. मी चहा ठेवीन. पुढे काय झालं, ते मला तुझ्याकडूनच कळलं पाहिजे.

आणि रिकामा आणायचा नाही. बडोद्याचा चिवडा चालेल.